जयराज नावाचा युजर

कोरेगाव, जि. सातारा
८ सप्टेंबर २०२५

जयराज यास,

नमस्कार. वर तुझ्या नावाआधी लिहायचा 'प्रिय' मुद्दाम गाळलाय, विसरलो असं समजू नकोस.

आमच्याकडं सगळं ठीक. गणपती परवा पोचवले. आल्याचं पीक बरं दिसतंय, पाऊस असाच राहिला तर कुजणार नाही. आपण दोघांनी मिळून काढलेलं दुकान एसटी स्टँडासमोर आहे तिथंच आहे. पाटीवरचं तुझं नाव रंग मारून झाकलं, पण उन्हानं रंग उडाला की खालची अक्षरं दिसतात. दिवाळीला दुसरा हात मारीन. अंकिता बरी आहे.

तुझ्या घरी सगळे खुशाल असतील. नसले तरी कळवू नकोस.

पत्र लिहायचं कारण असं की गेले काही महिने मी एका कामात होतो आणि ते कुणाला तरी नीट सांगायचंय. कोरेगावात सांगितलं तर लोक "लय भारी, आप्पा" म्हणतात आणि मोबाइल पुढं करून रिचार्ज मारायला सांगतात. ज्याला कळेल असा माणूस म्हटलं तर तूच. एवढं एक तुझं अजून मान्य करतो.

निनावी जाळ्याचं सॉफ्टवेअर तुला माहीत आहे. निरोप सरळ जात नाही, कुठल्या कुठल्या देशातल्या चार अनोळखी मशीनींच्या हातून जातो. प्रत्येक मशीनला आपल्या मागची आणि पुढची तेवढी माहीत. त्यामुळं पोचलेल्या निरोपावरून पाठवणारा काढता येत नाही. जगभरची माणसं ते हौसेनं बनवतात आणि फुकट देतात. पण चालवायचं म्हणजे काळी खिडकी उघडा, आज्ञा टाईप करा, आणि खिडकी मिटली की सगळं बंद. हे तू करशील, मी करीन. शालूबाई कशी करणार?

शालूबाईला तू रोज बघतोस, पण ओळखत नसशील. तासगावच्या अलीकडून, तू कॉम्प्युटर सांभाळतोस त्या शेडवर बेदाणा निवडायला येते, पांढरे केस, घागरीत बोलल्यासारखा आवाज. तिच्या बचत गटाला एक कॉम्प्युटर मिळालाय. बिरोबाच्या देवळाशेजारच्या खोलीत ठेवलाय, वर क्रोशाचं झाकण घालून. तिथली लाईट दिवसातनं कैकदा जाते. आली की मशीन आपोआप चालू होतं, कारण बटण दाबायचा कंटाळा म्हणून मीच तसं करून दिलं होतं.

म्हणजे काम असं होतं. मशीन उठलं की कुणी काही न करता ते निनावी जाळंही मागच्या मागं उठलं पाहिजे. नेट आल्यावर उठलं पाहिजे, आधी उठलं तर धडपडतं. पडलं तर स्वतः उभं राहिलं पाहिजे. समोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसावं. कुठंही नोंद लिहू नये. आणि काढून टाकलं तर मागं एक फाईल उरू नये. थोडक्यात सिस्टीम सर्व्हिस, आणि ती एकाच पॅकेजात बांधलेली.

सॉफ्टवेअर माझं नाही, बांधणी माझी. बांधणीला लोक काम समजत नाहीत. पण उसाची मोळी सैल बांधली तर ट्रॉली वळणावर काय करते ते आपण दोघांनी पाहिलंय. मी बारावीनंतर कुठल्या वर्गात बसलो नाही. मासिकाबरोबर फुकट मिळणाऱ्या सीडीवरून शिकलो, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन. तरी माझ्या बांधणीत गाठ सुटत नाही, हे मी कुणाहीसमोर म्हणेन.

आता एक गंमत सांगतो. अशी सर्व्हिस रूट म्हणून, म्हणजे सगळ्या मशीनची मालक म्हणून चालवायची नसते. तिच्यासाठी वेगळा युजर बनवतात. त्याला पासवर्ड नसतो. त्याला घर नसतं. त्याला लॉगिन करता येत नाही. दुसऱ्याच्या फाईलला हात लावायची त्याला परवानगी नाही. त्यानं फक्त इतरांचे निरोप वाहायचे, त्यात काय आहे ते वाचायचं नाही आणि कुणाचे आहेत ते विचारायचं नाही.

त्या युजरला मी तुझं नाव दिलं. जयराज.

लय बरं वाटलं. पॅकेज बसवताना पडद्यावर ओळ यायची, "जयराज नावाचा युजर तयार करत आहे", आणि पुढच्याच ओळीत त्याचं लॉगिन बंद केल्याची नोंद. मी ते पॅकेज गरज नसताना पुन्हापुन्हा काढलं आणि पुन्हापुन्हा बसवलं.

पुढं ते पॅकेज त्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींकडं पाठवलं, म्हटलं आणखी कुणाच्या उपयोगी पडेल. त्यांच्यात येणारी बांधणी तपासणारा कुणी आहे, तो स्वतःला टिटवी म्हणवतो. बाई की पुरुष, कुठल्या देशाचा, काही कळत नाही. त्यानं माझ्या कामात खोड्या काढल्या. त्यातल्या बऱ्याच बरोबर होत्या, त्याचा मला राग आला. शेवटी विचारलं, "हा जयराज कोण?"

मी लिहिलं, "कुणी नाही."

त्यानं लिहिलं, युजरचं नाव सॉफ्टवेअरवरून असावं असा शिरस्ता आहे. शिवाय उद्या खरोखरच्या एखाद्या जयराजच्या मशीनवर हे बसवायची वेळ आली, तर त्या नावाचा युजर तिथं आधीच असणार आणि बसवणं तिथंच अडणार.

मी लिहिलं, "अडू दे."

त्यावर आमची बरीच वादावादी झाली. मी हटलो नाही. टिटवीपुढं हटलो नाही, असं लिहायला हवं. कारण मग आमची पोर अंकिता मागं येऊन उभी राहिली. पॅकेज तपासायचं काम तीच करत होती. भिंतीतला प्लग उपटायचा, पुन्हा लावायचा, सर्व्हिस उठते का बघायचं. तिनं ती ओळ वाचली आणि म्हणाली, "आप्पा, हे तपासताना दर वेळी मी त्यांचं नाव बघायचं का?"

तिथल्या तिथं नाव बदललं. टिटवीनं दुसऱ्या दिवशी पॅकेज घेतलं.

अंकिता बरी आहे असं वर लिहिलंय, ते खोटं नाही. जेवते, बोलते, माझ्या चुका काढते. पण दुकानात पुढच्या बाजूला बसत नाही. मागच्या खोलीत बसते. गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं की तिचे हात कीबोर्डवर थांबतात. भाजीला तिची आई जाते. गणपती पोचवायच्या मिरवणुकीत कुणीतरी माइक तपासायला "हॅलो, हॅलो" म्हणालं आणि ती आरती अर्धी सोडून घरात गेली. तुला कारण विचारायची गरज नाही.

तरी मी लिहिणार आहे. आजवर हे तुला कुणी लिहून दिलेलं नाही.

तुमच्या शेडच्या भिंतीवर कॉम्प्युटरवरच्या तक्रारीच्या पानाचा स्टिकर होता, "मोकळेपणाने लिहा, नाव गुप्त राहील." पान तू केलंस. अंकिता तिथं बिलांच्या टेबलावर होती, आणि तू आहेस म्हणूनच आम्ही तिला तिकडं ठेवलं होतं. नानासो सुपरवायझर बायकांना शीतगृहात एकेकटं बोलावतो, दार लोटून घेतो आणि हात लावतो, हे तिनं त्या पानावर लिहिलं. स्वतःचं आणि दुसऱ्या दोघींचं. नाव लिहिलं नाही, कारण पान नाव विचारत नव्हतं. विचारत नव्हतं, पण कुठल्या मशीनवरून आलं ते ठेवत होतं. न विचारणं वेगळं आणि न ठेवणं वेगळं, हे तुला शिकवायची गरज नव्हती.

पगाराच्या दिवशी सगळ्यांना अंगणात बसवलं. राजवर्धन मालक खुर्चीत, आणि नानासोच्या हातात माइक. त्यानं तिचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ज्यानं केलं त्यानंच वाचलं, जयराज, मध्ये थांबून, चाळे करून. आणि वाचायच्या आधी तिचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. पुरुषांतले काही हसले. तू व्हरांड्यात होतास.

मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, "बिरदेवा, आईशप्पत, मी नाव दिलं न्हाई रं. मशीनचा नंबर तेवढा दिला."

त्या मशीनवर ती एकटी बसायची. ते टेबल तू मांडलंस. पहिल्या दिवशी खुर्चीची उंची तू करून दिलीस, "काकाच्या राज्यात हायेस, घाबरायचं न्हाई" म्हणालास. तिनं सुट्टीला घरी आल्यावर ते सांगितलं होतं.

म्हणून ही बांधणी. आता मी काय योजलं होतं ते सांगतो, कारण ते झालं नाही आणि त्याची हळहळ अजून आहे.

बायकांनी बचत गटाच्या खोलीतून लिहायचं. माझ्या दुकानातल्या मशीनवर ते यायचं, कुणाचं ते मलाही कळणार नाही असं. मी ते छापून एकेक करून राजवर्धनच्या टेबलावर पाठवायचं. आठवड्याला एक. त्याच्या बेदाण्याच्या गिऱ्हाइकांना एक, त्याच्या सासऱ्याला एक. तो चिडेल, तुला बोलावील, म्हणेल, "शोध." तू शोधशील. आणि तुला सापडणार नाही. तू रोज त्याच्यासमोर हात चोळत उभा राहशील, तो तुला मूर्ख म्हणेल, आणि एक दिवस तुझ्या जागी दुसरा आणील. हे मी मनात इतक्या वेळा पाहिलं की तुझ्या शर्टाचा रंगही ठरलेला होता.

सर्व्हिस बसवली. शालूबाईनं माझ्या मशीनचा त्या जाळ्यातला पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या शेडच्या बायकांच्या संडासात दाराला आतून चिकटवल्या. पत्रं यायला लागली. पहिलं उघडलं आणि डोक्याला हात लावला.

खाली सही होती. "आपली विश्वासू, शालूबाई", पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. मोबाइल नंबरसुद्धा. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसऱ्यात तर बाईनं नणंदेच्या दिराची ओळख दिली होती, म्हणजे वाचणाऱ्याला घर सापडायला सोपं. चौदा पत्रं, चौदा नावं. लिहिताच न येणाऱ्या काहींनी गटातल्या रेश्माकडून लिहवून घेतलं आणि "लिहिणार रेश्मा, सांगणार मी" असं दोघींचं घातलं.

चार देशांच्या मशीनी पालथ्या घालून, एकही नोंद न ठेवता, माझ्या सर्व्हिसनं त्यांची नावं पूर्ण पत्त्यासह सुखरूप आणून पोचवली होती.

मी शालूबाईला फोन लावला. म्हटलं, "आवं मावशी, नाव कशाला घातलं? नाव कळू नये म्हणून तर येवढी खटपट केली न्हवं का मी?"

"आरं, बिननावाचं पत्र म्हंजी चोरानं लिवल्यागत," ती म्हणाली. "आमी काय चोरी केली व्हय?"

"आवं, पण त्यांना कळलं तर कामावरनं काढतील तुमाला."

"काढू देत. बेदाना काय नानासोचा बा निवडनार हाय?" मागं बायका हसलेल्या ऐकू आल्या. मग ती फोन घेऊन बाहेर आली असावी, कारण आवाज मोकळ्यावर आला. "बिरदेवा, त्या दिशी तुझ्या लेकीचं नाव येकटीचं घेतलं रं त्यांनी. आमी चौदा-पंधराजणी तितंच बसलो हुतो. खाली मान घालून बसलो. आता घ्या म्हनावं समद्यांची, माइकवर घ्या, सवडीनं घ्या."

 मी म्हटलं, "सर्व्हिस बरी चालतीया का?"

"लय गुणाची हाय," ती म्हणाली. "लाईट गेली-आली तरी बोलावं लागत न्हाई."

आता ही पत्रं राजवर्धनला चिडवायला वापरणं शक्यच नव्हतं. नावं असलेली पत्रं चिडवायला नसतात. बायका म्हणाल्या, कामावरच्या बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडं जायचं, सांगलीला. माझ्या योजनेत समिती नव्हती, पण मला कुणी विचारलं नाही. अंकितानं पंधरावं पत्र स्वतः लिहिलं, आणि तिनंही सही केली. कागद दाखल झाले. बैठक येत्या गुरुवारी आहे, नानासोला आणि राजवर्धनला बोलावणं गेलंय. हे तुला ठाऊक असेलच.

काल इथवर लिहून थांबलो होतो. आज पुढचं लिहितो, आणि खरं तर एवढंच लिहायचं होतं.

आणखी एक पत्र आलं. त्याला नाव नाही. सगळ्यांत तेवढंच माझ्या बांधणीला शोभणारं.

त्यात लिहिलंय की तक्रार आल्यावर मालकाच्या केबिनमध्ये बोलणं झालं. नानासो म्हणाला, "कोन हाय ती रांड, बघू तर." मालक म्हणाला, नाव काढ. नानासोनं तिथंच कबूल केलं की बायका बोलतात ते खरं आहे, "पण येवढं काय त्यात", आणि मालक ते ऐकून हसला. चहा आला होता आणि कुणी प्यायला नाही. नंबर सांगितल्यावर मालकानं नानासोला म्हटलं, पगाराला सगळ्यांसमोर घे, म्हणजे पुन्हा कुणी लिहिणार नाही.

त्या केबिनमध्ये तीन माणसं होती. त्यांतली दोघं हे लिहिणार नाहीत.

माझ्या सर्व्हिसनं तुझं नाव सांगितलेलं नाही, हे नीट लक्षात घे. तिच्यात भोक नाही. निरोप कुठून आला ते मला दिसलं नाही आणि दिसणारही नाही. संडासातल्या चिठ्ठ्या फाडून त्यांनी "शोध" म्हणून तुझ्यासमोर टाकल्या असणार, आणि तू शोधायच्या ऐवजी त्या पत्त्यावर लिहिलंस. त्यासाठी माझंच पॅकेज तू आपल्या मशीनवर बसवलं असशील. अंकितानं ते नाव बदलायला लावलं नसतं तर ते तुझ्याकडं बसलंच नसतं, आणि तुझं पत्र आलं नसतं. तिच्यामुळं तुला तोंड उघडता आलं. हे तुला कळावं म्हणून मघाशी एवढी लांबण लावली.

मी ते पत्र बाकीच्यांबरोबर समितीला दिलं. तिथल्या बाई म्हणाल्या, निनावी आहे, याला फारसं वजन नाही. ज्यानं लिहिलं तो समोर येऊन म्हणाला तर मात्र नानासोची आणि मालकाची सुटका नाही. मग त्यांनी मला विचारलं, कुणी लिहिलं काही कल्पना?

जयराज, तुझं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. आडनावासकट, बापाच्या नावासकट. मला तेव्हा अंगण आठवलं, माइक आठवला. एका शब्दात तू उघडा पडला असतास. तुझी शेडची नोकरी गेली असती, गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती, आणि मी माझ्या मुलीचं उसनं फेडलं असतं.

मी म्हटलं, "आमची सिस्टीम नावं ठेवत नाही."

बाहेर आल्यावर शालूबाईनं विचारलं, "त्यो येक बिननावाचा कोन रं? धाडसाचा हाय." मी म्हटलं, ठाऊक न्हाई. घरी अंकितानं ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "आप्पा, कुणी का असेना, चांगलं माणूस आहे." मग म्हणाली, "कळलं असतं तर भेटले असते." मी ताटात बघत राहिलो.

दयेनं गप्प बसलोय असं वाटून घेऊ नकोस. तुला उघडा पाडला असता तर लोक शिव्याही देत आणि निम्मे म्हणत, शेवटी खरं बोलला बिचारा. अंकिता रडली असती, चार दिवसांनी तुला काका म्हणाली असती. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणून तर तू लिहिलंस. रात्री झोप लागावी म्हणून लिहिलंस. ती झोप मी तुला देणार नाही.

तू माझ्या मुलीचं नाव सांभाळलं नाहीस. मी तुझं सांभाळणार. माझ्याकडून ते कधीच बाहेर पडणार नाही, ना शिक्षेला, ना शाबासकीला. गुरुवारी पंधरा नावं मोठ्यानं वाचली जातील. अंकिता म्हणते, तिचं नाव आलं की ती उभी राहणार. तुझं कुणी वाचणार नाही. तिनं ज्याला भेटायचं म्हटलं तो माणूस तिच्यासमोरून जाईल आणि तिला तो फक्त व्हरांड्यातला जयराजकाका दिसेल. तुला माफ करायचं आहे हेच तिला कळणार नाही, त्यामुळं ती करणारही नाही.

यातून सुटायचं दार एकच आहे आणि ते माझ्या हातात नाही. समिती सकाळी बसते. आत जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही, आपलं नाव आपल्या तोंडानं सांगावं लागतं. मी बोलावत नाही. आलास तर तोंड फिरवणार नाही, न आलास तर वाट बघितली असंही म्हणणार नाही.

उत्तर लिहू नकोस. लिहायचं असेल ते तिथं बोल.

तुझा कुणी नसलेला,
अंकिताचा बाप,
बिरदेव नाथाजी कोळेकर